जुन्या साच्यातल्या सात फायली

गेल्या महिन्यात तुम्ही दोघांनी सलग तीन रविवार फोन केलात आणि तिन्ही वेळा मी "आत्ता नको रे, नंतर बोलू" म्हणून ठेवून दिला. धाकटीने आईला विचारलं म्हणे, आजी रागावली आहे का. रागावले होते, पण तुमच्यावर नाही. कोणावर, ते एका ओळीत सांगता येणार नाही. म्हणून हे लिहिते आहे.

कल्याणला घाऊक बाजाराच्या मागे, धान्याच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. तिथे अंध वाचकांसाठी ब्रेल पुस्तकं छापतात. जिन्यात तांदळाच्या पोत्यांचा वास असतो आणि वर छपाईच्या यंत्राचा खडखडाट. नव्वदच्या दशकात आम्ही डोंबिवलीला राहत होतो, मी ठाण्याच्या एका कारखान्यात प्रोग्रॅमर होते आणि रविवारी या खोल्यांत जाऊन फुकटचं काम करत असे. तुमचे आजोबा म्हणत, सहा दिवस पगारी आणि सातवा दिवस हौशी. तिथल्या एकुलत्या एका संगणकावर मी लिनक्स नावाची, युनिक्सच्या वळणाची प्रणाली फ्लॉप्यांच्या गठ्ठ्यावरून चढवली होती. मराठी मजकुराचे ब्रेलमधले सहा ठिपके करणारा प्रोग्रॅमही मीच लिहिला होता. त्या काळी संगणकावर मराठी अक्षरांसाठी आजच्यासारखी सर्वमान्य सोय नव्हती. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याचं कोष्टक मी माझ्यापुरतं ठरवलं आणि काम सुरू केलं.

पुढे नवे संगणक आले, तयार प्रोग्रॅम आले, शाळेची पुस्तकं त्यांच्यावर छापली जाऊ लागली. माझं जुनं यंत्र कोपऱ्यात एकाच कामापुरतं उरलं. ते काम म्हणजे गाण्याच्या बाईंचा संग्रह.

बाई कल्याणजवळ मोहन्याला राहतात. जन्मांध आहेत आणि माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. त्यांच्या गुरुजींनी त्यांना दोनशेच्या वर बंदिशी शिकवल्या, आणि बाईंनी त्या स्वरलिपीसकट ब्रेलमध्ये उतरवून ठेवल्या होत्या, जुन्या कॅलेंडरांच्या पानांवर. अंध माणसं कॅलेंडरं जपून ठेवतात, माहीत आहे का तुम्हाला? तो कागद जाड असतो, त्यावर टोचणीने पाडलेले ठिपके टिकतात. आमच्या सोसायटीतून मी दर जानेवारीत गठ्ठा नेऊन द्यायची. पण ठिपके टिकतात म्हणजे कायमचे नाही. वाचून वाचून ते दबतात. म्हणून दोन वर्षं दर रविवारी दुपारी बाईंनी सगळ्या बंदिशी मला वाचून सांगितल्या आणि मी टंकून घेतल्या. पानं झिजली की नवी छापून घ्यायची, अशी सोय.

जूनमध्ये बाईंचा फोन आला.

"ताई, तुमचा डबा बंद पडला."

"कुठला डबा?"

"संगणक हो. आता नवीन आणलाय म्हणे, एकदम पातळ. पण माझं एक पान निघत नाही त्यातनं."

"मग सांगा त्यांना, दुरुस्त करतील."

"सांगितलं. ते म्हणतात, बाई, तुमच्या फायली आहेत पण चालत नाहीत. आता फाइल चालते कशी आणि चालत नाही कशी, मी काय सांगू? मला चालता येतंय तोवर बघा काहीतरी."

त्या हसल्या, मीही हसले. मग त्यांनी खरं कारण सांगितलं. बाईंना पंधरा वर्षं मधुमेह आहे. बोटांची टोकं बधिर होत चालली आहेत. उजव्या तर्जनीने वाचता येणं केव्हाच बंद झालं, मधलं बोटही गेलं. डाव्या हाताच्या अनामिकेला अजून कळतं, तेही ठिपका नवा आणि उंच असेल तरच. कॅलेंडरवरची जुनी पानं आता त्यांच्यासाठी कोरी आहेत.

"ऐकून शिकवता येत नाही का? टेप आहेत ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"गुरुजींनी टेप करू दिलं नाही कधी. सगळं डोक्यात आहे, ताई. पण डोकं आता मला फसवतंय का, तेच कळत नाही. माझ्याकडे शिकायला येते त्या मुलीला बागेश्री शिकवत्येय. परवा ती म्हणाली, बाई, मागच्या वेळी तुम्ही हे वेगळं सांगितलेलं. मी म्हटलं, नाही. पण मनात आलं, असेलही. एकदा पानावर हात ठेवून बघायचंय. चुकीचं शिकवण्यापेक्षा मी शिकवणं बंद करीन."

अनामिकेतली संवेदना किती दिवस राहील, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते कोणी सांगूही शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याच्या घरून, वर्तकनगरहून, कल्याणला गेले. सोबत वही नेली. माझ्या वह्या तुम्हाला माहीत आहेत: डावीकडे काम, उजवीकडे झालं की बरोबरची खूण. नव्या संगणकापुढे एक गृहस्थ बसले होते. पंचेचाळिशीचे असतील, संगणकांच्या देखभालीचं कंत्राट त्यांच्याकडे. शर्टाच्या खिशात पेनड्राइव्हचा जुडगा.

"मॅडम, डेटा एकदम सेफ," ते म्हणाले. "जुन्या मशीनचा बोर्ड जळालेला. हार्ड डिस्क काढून मी स्वतः पेनड्राइव्हवर सगळं घेतलेलं, स्वतः इकडे टाकलेलं. एक फाइल सोडली नाही."

"आणि ती डिस्क?"

"ती दिली ना भंगारात. खोक्याबरोबर."

मी खुर्चीवर बसले. पाणी मागितलं. मग माझा प्रोग्रॅम चालवून पाहिला. पडद्यावर एकच ओळ आली: एक्झेक फॉरमॅट एरर.

"व्हायरस असेल," गृहस्थ म्हणाले. "एवढं जुनं आहे सगळं. उडवून टाकू का? नवीन सॉफ्टवेअर देतो मी बाईंना, फुकटातलं."

"त्या नवीन सॉफ्टवेअरला माझं अक्षरांचं कोष्टक कळणार आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे हात लावू नका."

आता ती एरर काय, ते सांगते. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी एक फाइलच. पण ती चालवायची तर प्रणालीला कळावं लागतं की हिच्यात सूचना कुठे आहेत, माहिती कुठे आहे आणि काय कुठे ठेवायचं आहे. ही मांडणी ठरलेली असते. तिला साचा म्हणू. फाइलच्या अगदी सुरुवातीला त्या साच्याची एक छोटी खूण असते आणि प्रणाली सगळ्यात आधी ती बघते. मी प्रोग्रॅम लिहिला तेव्हा ए-डॉट-आउट नावाचा साचा चालत असे. त्याच सुमाराला ईएलएफ नावाचा दुसरा, जास्त सोयीचा साचा आला. बरीच वर्षं प्रणालीला दोन्ही खुणा ओळखता येत. मग अगदी अलीकडे ती सांभाळणाऱ्या लोकांनी ठरवलं की जुना साचा आता कोणी वापरत नाही, तर ती ओळख काढून टाकू या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या 'कोणी'मध्ये मोहन्याच्या बाई मोजलेल्या नव्हत्या.

बाईंना मी हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे जुनं रेशनकार्ड हो. माणूस तोच, नाव तेच, पण दुकानदार म्हणतो, हे कार्ड चालत नाही."

इतकं चांगलं मला सुचलं नसतं.

खरं तर यावर सरळ उपाय आहे. प्रोग्रॅम आपण ज्या भाषेत लिहितो तो मूळ मजकूर असला, की तो नव्या साच्यात पुन्हा बांधता येतो. तासाभराचं काम. आणि मूळ मजकुराच्या फ्लॉप्या माझ्याकडे होत्या. एक नाही, दोन संच. एक कल्याणच्या कपाटात, एक माझ्या घरी. कारखान्यात मला शिकवलं होतं, दोन प्रती, दोन जागा. तो नियम मी तिथे वर्षानुवर्षं पाळला. कल्याणच्या कपाटातला संच सापडला, माझ्या अक्षरातल्या लेबलांसकट. घरचाही सापडला. फ्लॉपी वाचणारं छोटं यंत्र मी जपून ठेवलेलं आहे, यावरून तुमची आई हसते. ते जोडलं. पहिली फ्लॉपी वाचता येत नाही. दुसरी नाही. आठवी नाही. घरच्या संचातलीही एक नाही.

मग मी एका फ्लॉपीचं पुढचं पत्र्याचं झाकण सरकवलं. आत चकतीवर लाल.

कुंकू.

आता हसा. दर दसऱ्याला त्या खोल्यांत हत्यारांची पूजा होत असे. ब्रेलच्या पाट्या, टोचण्या, छपाईचं यंत्र, संगणक, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि आपट्याची पानं. आणि फ्लॉप्या. कारण कोणीतरी म्हणालं, ताईंची खरी हत्यारं तर या. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की पुढच्या दसऱ्यापासून घरचा संचही मी पर्समधून कल्याणला न्यायला लागले. पूजा अर्धीमुर्धी कशाला. दोन्ही संच एका पाटावर, एका रांगेत, आणि प्रत्येकीवर मी स्वतः, इंग्रजी शाळेत शिकलेली, कारखान्यात शिस्त लावणारी बाई, चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू. पाण्याचा शिंतोडासुद्धा. झाकणाच्या फटीतून ते आत जात असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. दोन प्रती, दोन जागा, आणि वर्षातून एक दिवस एकच पाट.

फोनवर बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचा मजकूर देवाने वाचून घेतला असेल हो, ताई."

"देवाला बंदिशी छापता येत नाहीत."

"चिडू नका. दुसरं काही निघेल."

चिडू नका म्हटल्यावर माणूस जसा चिडतो तशी मी चिडले. तुमचा पहिला रविवारचा फोन नेमका त्यानंतर आला.

जुन्या वह्या काढून बघितल्या, की कुठे कागदावर छापील प्रत ठेवल्याची नोंद आहे का. नव्हती. त्याऐवजी डाव्या बाजूला माझ्याच अक्षरात सापडलं: 'ब्रेलचे प्रोग्रॅम नव्या साच्यात बांधणे.' उजवीकडची जागा रिकामी. पुढच्या वहीतही तेच काम उतरवलेलं, त्याच्या पुढच्या वहीतही. मग मी निवृत्त झाले, आम्ही डोंबिवली सोडून ठाण्याला आलो, नवी वही सुरू केली आणि ती ओळ तिच्यात उतरवायची राहिली. फ्लॉप्या तेव्हा कदाचित वाचताही येत होत्या. त्या गृहस्थांना मी मनातल्या मनात बरंच काही बोलले होते, ते सगळं मग मलाच लागू झालं.

मूळ मजकूर गेला, त्याच्याबरोबर अक्षरांचं कोष्टकही गेलं, म्हणजे उरल्या त्या जुन्या साच्यातल्या तयार फायली. त्या चालवायच्या तर एक वाकडा रस्ता होता. संगणकाच्या आत दुसरा, जुना संगणक असल्याचं सोंग उभं करायचं, त्यावर साताठ वर्षांपूर्वीची प्रणाली चढवायची, जिला अजून दोन्ही खुणा कळतात, आणि जुन्या फायली तिच्यात नेऊन ठेवायच्या. पण नेमक्या कोणत्या? माझा प्रोग्रॅम एकटा चालत नसे. त्याला काही सामायिक फायली लागत, त्याही जुन्याच साच्यातल्या. त्यांची नावं मला आठवत नव्हती. आधी त्या शोधायला हव्या होत्या.

गृहस्थ म्हणाले, "त्यात काय, मॅडम. नाव टाकून सर्च मारू." त्यांनी ए-डॉट-आउट या नावाने शोध मारला. एक फाइल निघाली. "ही घ्या. एकच होती."

मी ती तपासली. ती नव्या साच्यातली निघाली. प्रोग्रॅम बांधणाऱ्याने नाव दिलं नाही तर अजूनही तेच नाव आपोआप पडतं, सवयीने. आतल्या साच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे मी त्यांना सांगितलं.

"मग नाव कशाला तेच ठेवतात?"

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढून घेतला.

युनिक्सच्या वळणाच्या प्रणालीत कोणती फाइल चालवायची परवानगी आहे, याची नोंद प्रत्येक फाइलवर असते. म्हटलं, तेवढ्याच फायली गोळा करू, मग त्यांच्यात जुन्या शोधू. शोधाची आज्ञा दिली. पडदा भरला, सरकला, पुन्हा भरला, थांबेचना. बंदिशींच्या फायली, पत्रं, वाढदिवसाच्या याद्या, सगळ्यांना चालवायची परवानगी! मला कळेना, हे झालं कसं. मग लक्षात आलं. पेनड्राइव्हवर ज्या पद्धतीने फायली ठेवतात, तीत या परवानग्या टिकत नाहीत. तिथून परत आलं की सरसकट सगळ्यांवर एकच शिक्का. एका फाइलकडून दुसरीकडे बोट दाखवणारे जे दुवे असतात, तेही त्या प्रवासात गळून पडले होते.

"तुम्ही म्हणालात, एक फाइल सोडली नाही," मी त्या गृहस्थांना म्हटलं.

"नाहीच सोडली."

"फाइल सोडली नाही हो. फाइलवर जे लिहिलेलं होतं ते सोडलं."

"मॅडम, आता तुम्ही बारीक काढताय."

"बारीकच काढायला बसले आहे मी."

शेजारच्या टेबलावर पानं जुळवणाऱ्या बायका खुदकन हसल्या. गृहस्थ चहा प्यायला खाली गेले.

परवानगीवर विसंबता येत नाही म्हटल्यावर एकच मार्ग उरला. प्रत्येक फाइल उघडायची आणि सुरुवातीची खूण वाचायची. हे काम करणारी एक आज्ञा आहे, तिचं नावच 'फाइल'. तिला एकेक फाइल दिली की ती सांगते, हा साधा मजकूर, हे चित्र, हा ईएलएफ. मी सगळ्या फायली तिच्या हवाली केल्या आणि निकालातून फक्त जुन्या साच्याची खूण असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या. चार निघाल्या. वहीत उतरवल्या, बरोबरच्या खुणा केल्या आणि त्या व बंदिशींच्या फायली घेऊन घरी आले.

वर्तकनगरला माझ्या लॅपटॉपवर जुन्या संगणकाचं सोंग उभं करायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत काय काय बिघडलं ते लिहीत नाही, तुम्ही पुढचं वाचणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅम चालवला. एक्झेक फॉरमॅट एरर गेली होती! त्या जागी नवी तक्रार होती: अमुक सामायिक फाइल सापडत नाही.

मी पुन्हा यादी बघितली. वहीतल्या खुणा पुन्हा मोजल्या. चारच. दुपारपर्यंत मी अशा समजुतीत होते की ती फाइल भंगारात गेली, डिस्कबरोबर, कायमची. बाईंना फोन करून सांगायचं म्हणून हातात घेतला आणि खाली ठेवला. काय सांगणार होते? त्याच संध्याकाळी तुमचा दुसऱ्या रविवारचा फोन आला.

सोमवारी भाजी निवडताना आठवलं. जुना साचा एकजात नव्हता. त्यात पोटप्रकार होते, आणि प्रत्येकाची खूण वेगळी. मी त्यांतल्या एकाच खुणेच्या ओळी वेगळ्या काढल्या होत्या, कारण माझे स्वतःचे प्रोग्रॅम त्या प्रकारचे होते. सामायिक फायली मी बांधलेल्या नव्हत्या, त्या प्रणालीबरोबर आल्या होत्या, दुसऱ्या प्रकारच्या. मी फक्त माझ्यासारखंच दिसणारं शोधत बसले होते. गवार तशीच ठेवून उठले आणि कल्याण गाठलं.

सगळ्या खुणा धरून शोध घेतला. सात. आधीच्या चार आणि नव्या तीन. त्या तिन्ही एका फोल्डरमध्ये होत्या, आणि त्या फोल्डरचं नाव गृहस्थांनी बदलून 'कचरा' ठेवलेलं होतं.

"हे उडवणार होतात?"

"आज संध्याकाळीच," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून, "पण उडवलं नाही ना, मॅडम. तुम्ही म्हणालेलात हात लावू नका. नाही लावला."

ते खरं होतं. मी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले असं म्हणवत नाही, पण मानले.

घरी येऊन गळालेले दुवे हाताने पुन्हा जोडले. प्रोग्रॅम चालला. कसलाही गाजावाजा न करता, जणू इतकी वर्षं मध्ये गेलीच नाहीत. बागेश्रीची फाइल दिली आणि ठिपक्यांची फाइल बाहेर आली.

बुधवारी कल्याणच्या यंत्रावर पहिलं पान छापलं. बाई रिक्षाने आल्या होत्या. त्यांनी पान घेतलं, मांडीवर सपाट केलं, डाव्या हाताची अनामिका ओळीच्या सुरुवातीला ठेवली. बोट सरकलं. थांबलं. मागे आलं.

"काय झालं?"

"ठिपके छान आहेत."

"मग?"

"खूप जवळ आहेत, ताई. एका अक्षरात दुसरं मिसळतंय. सगळं वाळूसारखं लागतंय."

मला त्या क्षणी यंत्र जिन्यावरून खाली ढकलावंसं वाटलं. अंतर किती ठेवायचं ते त्या प्रोग्रॅमच्या आत मीच पक्कं करून ठेवलं होतं, आणि मूळ मजकूर नसताना ते बदलणं अशक्य. तिसऱ्या रविवारी तुम्ही फोन केलात तेव्हा मी हेच डोक्यात घेऊन बसले होते.

पण जुन्या यंत्रावर माझा प्रोग्रॅम ठिपके थेट छपाईला पाठवत असे. आता या सोंगाच्या खटाटोपामुळे ते आधी एका फाइलमध्ये उतरत होते. फाइल म्हटली की तिच्यात जागा घालता येते. प्रत्येक अक्षरानंतर एक रिकामं घर, प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ. हे सुचायला मला चार दिवस लागले आणि करायला दहा मिनिटं. कागद चौपट लागणार होता. जाड कागदाचा नवा गठ्ठा घेऊन गेले.

पुढच्या बुधवारी बाई पुन्हा बसल्या. बागेश्रीची एक बंदिश आता चार पानांवर पसरली होती. अनामिका निघाली. एक अक्षर. थांबा. दुसरं. पानं जुळवणाऱ्या बायकांनी काम थांबवलं होतं, मी त्यांना खुणेने सांगितलं, चालू ठेवा, नाहीतर बाईंना कळेल की सगळे बघताहेत.

"मला कळतंय," बाई म्हणाल्या. "बघा बघा. फुकट आहे."

एक ओळ वाचायला पाच मिनिटं लागत होती. अस्थायी झाली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे मी असंच सांगते." अंतऱ्याची पहिली ओळ झाली. "हेही." दुसऱ्या ओळीच्या मध्यावर बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढे आलं. तीन वेळा. त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणत होत्या, मग तेही थांबलं.

"ताई, इथे काय आहे, तुम्ही डोळ्यांनी बघा."

मी ठिपके बघितले. "पंचम."

"नक्की? छपाईची चूक नाही?"

मी लॅपटॉपवर, त्या सोंगातल्या जुन्या प्रोग्रॅमने, बंदिशीची फाइल उघडली. तीस वर्षांपूर्वी त्यांनी सांगितलेलं आणि मी टंकलेलं. "पंचमच आहे. इथे एकदाच. बाकी कुठे नाही."

"गुरुजी एकदाच घ्यायचे," बाई म्हणाल्या. "तेवढ्यासाठी ही बंदिश. आणि मी तोच गाळत आले. किती दिवस, देव जाणे." त्यांचा आवाज चढला. "आणि ती मुलगी मला सांगत होती! मागच्या वेळी वेगळं सांगितलेलं म्हणून. मी तिला गप्प केली."

मला वाटलं, त्या आता शिकवणं बंद करीन म्हणतील. त्यांनी पर्स चाचपून फोन काढला आणि त्याच्याशी बोलून नंबर लावून घेतला. पलीकडून "हां बाई" ऐकू आलं.

"अगं, कुठे आहेस? कॉलेजात? बाहेर ये जरा. हे बघ, बागेश्रीचा अंतरा मी सांगितला तो विसर. दुसरी ओळ. नाही, तू बरोबर होतीस, मी चुकले. हो, मी. हसू नकोस. आता ऐक." आणि धान्याच्या दुकानाच्या वर, यंत्राच्या खडखडाटात, बाईंनी ती ओळ फोनवर म्हणून दाखवली, एका हाताने कानाशी फोन आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या एका स्वरावर दाबून धरलेलं.

"म्हण," त्या म्हणाल्या. "नाही. परत."